दार लावून गायलेलं गाणं

गाणारे दिसत नव्हते. लंडनमधल्या एका लहानशा कॅथलिक चर्चमध्ये, नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी, मी मागून तिसऱ्या बाकावर बसलो होतो आणि आवाज पाठीमागून, दारावरच्या सज्जातून येत होते. मैफलीची सवय असलेल्या माणसाला हे आधी अवघड जातं. आपण निम्मं गाणं डोळ्यांनी ऐकतो. तानपुऱ्यावर फिरणारी बोटं, जागा घेताना उचलला जाणारा हात, समेवर एकमेकांकडे बघून हसणारे गायक आणि तबलजी, हे सगळं आपण गाण्यातच धरतो. इथं मान वळवून वर बघणं बरं दिसलं नसतं. समोर वेदी, तिच्यावर मेणबत्त्या, पाद्री; गाणाऱ्यांची तोंडंही तिकडेच. ते गाणं आम्हांला ऐकवण्यासाठी नव्हतं. आमच्या डोक्यावरून ते पुढे निघालं होतं आणि आम्ही त्याच्या वाटेत बसलेलो होतो.

सोळाव्या शतकातल्या विल्यम बर्ड या इंग्रज रचनाकाराचा चार आवाजांचा मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या ठरलेल्या प्रार्थनांची स्वररचना, होता तो. घरी मी तो कित्येक वर्षं ऐकत आलो आहे. ध्वनिमुद्रिकेवर त्याचे पाच भाग ओळीनं येतात आणि पंचवीसेक मिनिटांत सगळं आटोपतं. उपासनेत तसं होत नाही. सुरुवातीला किरिए आणि ग्लोरिया, मग वाचनं आणि प्रवचन, मग क्रेडो, अर्पणानंतर सांक्तुस, त्यापुढे बराच वेळ गाणारे गप्प, आणि शेवटी, पाद्री भाकर मोडत असताना, आन्युस देई. मधल्या वेळात कुणी खोकतं, एखादं बाळ रडतं, वाचणाऱ्याचा चष्मा सापडत नाही. संगीत तोवर थांबून राहतं. पाळी आली की उठतं, आपलं काम करतं आणि पुन्हा बसतं. मला आधी रसभंग झाल्यासारखं वाटलं. मग हळूहळू उलटंच लक्षात आलं. घरी मी जे ऐकत होतो ती देवघरातून उचलून दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवलेली समई होती. सुंदरच, पण तिच्यात तेल नव्हतं.

आपल्या कानाला या गाण्याची आणखी एक अडचण असते. आपल्याकडे आवाज एक आणि त्याच्या पाठीशी तानपुऱ्याचा अखंड षड्ज. इथं चौघं चार वेगळ्या ओळी गातात आणि कुणीच कुणाची साथ करत नसतो. एक जण सुरुवात करतो. तो दोन-चार शब्द पुढे गेला की दुसरा तेच शब्द, तशाच वळणानं, पण वेगळ्या उंचीवरून उचलतो. मग तिसरा, मग चौथा. कीर्तनात बुवांची ओळ टाळकरी झेलतात, पण ओळ संपेपर्यंत ते थांबतात. इथं कुणी कुणासाठी थांबत नाही. मी कितीतरी दिवस यातला मुख्य गवई शोधत होतो. वरचा आवाज ऐकू येतो म्हणून त्यालाच धरून चाललो की आतले दोन आवाज निसटतात आणि हाती उरते एक गोड, जराशी फिकी चाल. मुख्य असं कुणी नाही हे कानाला पटायला मला वर्षं लागली. ते पटलं त्या दिवशी गाणं एकदम खोल झालं. भिंत म्हणून जिकडे पाहत होतो तिथं खोली निघाली.

गाणाऱ्यांनाही पूर्ण गाणं दिसत नसे. बर्डच्या मिस्साची छपाई प्रत्येक आवाजाच्या वेगळ्या पुस्तिकेत आहे. वरच्या आवाजाच्या पुस्तिकेत फक्त वरची ओळ, खर्जाच्या पुस्तिकेत फक्त खर्जाची. चारही ओळी एकाखाली एक मांडलेलं पान कुणाच्याच हातात नसायचं. मी एकदा अशा पुस्तिकेची हुबेहूब नक्कल हातात घेऊन खर्जाची ओळ गुणगुणून पाहिली. पाच रेघांवर शंकरपाळ्यांसारखी चौकोनी स्वरचिन्हं, एकामागून एक. मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघा नाहीत. ओळ संपते तिथं समासाला लागून एक बारीक खूण असते, खालच्या ओळीचा पहिला स्वर कोणता ते सांगणारी. नजर खाली उतरेपर्यंत गळा तयार राहावा म्हणून. विराम मनात मोजायचे. हात संथपणे खाली-वर होत राहील तेवढीच लय. मोजणी चुकली की आपण कुठं आहोत ते कागद सांगत नाही, इतरांच्या आवाजातूनच परतीची वाट शोधावी लागते. आणि ती ओळ एकटी गायली तर अगदी पोरकी वाटते. मधेच लांब मौन, मग अर्धं वाक्य, मग एकच स्वर कितीतरी वेळ धरलेला. तो स्वर इतका वेळ का धरायचा ते बाकीचे तिघं गायला लागल्याशिवाय कळत नाही.

या पुस्तिकांना मुखपृष्ठ नाही. छापणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, वर्ष नाही. अभ्यासकांनी सुरुवातीच्या नक्षीदार अक्षरांच्या ठशांची झीज आणि कागदातली पाणखूण ताडून पाहिली आणि काळ काढला: चार आवाजांचा मिस्सा १५९२-९३, तीन आवाजांचा १५९३-९४, पाच आवाजांचा १५९४-९५; छापणारा लंडनचा टॉमस ईस्ट. ज्या पुस्तकावर कुणी आपलं नाव घालायला धजला नाही, त्याच्या पानांच्या माथ्यावर एक नाव मात्र उघड आहे, बर्डचं. मला या माणसाच्या धीराचं मोजमाप तिथं सापडतं.

कारण हे गाणं गाणं हा तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ, अशा चौघांच्या कारकिर्दींत पंचवीस-तीस वर्षांच्या आत देशाचा धर्म उलटसुलट फिरला. १५५९च्या कायद्यानं लॅटिन मिस्सा बंद झाला आणि इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं. १५८१च्या कायद्यानं सरकारी चर्चला न जाणाऱ्याला महिन्याला वीस पौंड दंड आणि मिस्साला हजर राहणाऱ्याला दंड आणि वर्षाची कैद ठेवली. १५८५पासून परदेशात दीक्षा घेतलेला कॅथलिक पाद्री इंग्लंडात सापडला तर तो राजद्रोही ठरत होता. त्याला आसरा देणाऱ्यालाही फाशी होऊ शकत होती.

आणि बर्ड स्वतः राणीच्या पदरी. जन्म १५४०च्या सुमाराचा. आधी लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गनवादक, १५७२ पासून राजदरबाराच्या चॅपलमध्ये. १५७५ साली एलिझाबेथनं त्याला आणि त्याचा वडीलधारा सहकारी टॉमस टॅलिस याला एकवीस वर्षांसाठी संगीत छापण्याचा एकाधिकार दिला. इंग्रजी उपासनेसाठी त्यानं उत्तम रचना केल्या आणि त्या मनापासून केल्या, हे त्या ऐकणाऱ्याला कळतं. पण घर कॅथलिक राहिलं. बायको ज्युलियानावर सरकारी चर्चला न गेल्याबद्दल १५७७पासून खटले. पन्नाशी उलटल्यावर तो एसेक्समधल्या स्टॉंडन मॅसी या खेड्यात राहायला गेला. जवळच इंगेटस्टोन इथं सर जॉन पेट्री या कॅथलिक सरदाराचा वाडा. त्या वाड्यात पाद्री लपवायच्या भिंतीआडच्या दोन जागा पुढे सापडल्या. तिन्ही मिस्सा अशा घरांसाठी आहेत असं मानायला जागा आहे.

हे कळल्यावर त्यांचा आकार समजतो. पॅलेस्त्रीनाचा पोप मार्सेलसच्या नावाचा मिस्सा, १५६७मध्ये छापलेला, सहा आवाजांचा आहे. त्याला वर घुमट लागतो, संगमरवर लागतो, सत्तेवर असलेल्या धर्माची निश्चिंती लागते. ते गाणं आपल्या जागी अपूर्व आहे. पण बर्डजवळ घुमट नव्हता. पडदे ओढलेली एक खोली, नोकरचाकर झोपलेले किंवा विश्वासातले, गाणारे घरचेच. म्हणून आवाज तीन, चार, फार तर पाच. शब्द उगाच घोळवायचे नाहीत. जिथं काही सांगायचं आहे तिथंच थांबायचं. कॅथीड्रलमध्ये वरचे आवाज लहान मुलांचे असत. इथं घरातल्या बायका गायल्या असतील. ‘असतील’ म्हणतो, पण एका घराबद्दल साक्षच आहे. जुलै १५८६मध्ये थेम्सकाठच्या हर्लीफर्ड इथल्या एका गृहस्थाच्या वाड्यात आठेक दिवस काही कॅथलिक जमले होते. यजमान स्वतः संगीताचा जाणकार. त्याच्याकडे ऑर्गन होता, इतर वाद्यं होती आणि घरच्या माणसांमधले गाणारे पुरुष आणि बायका होत्या. तिथं हजर असलेल्या विल्यम वेस्टन या जेझुइट पाद्र्यानं पुढे आत्मवृत्तात हे लिहून ठेवलं आहे, आणि तिथं बर्ड होता हेही. नुकतेच चोरून इंग्लंडात उतरलेले दोन पाद्री तिथं होते, रॉबर्ट साउथवेल आणि हेन्री गार्नेट. साउथवेलला १५९५मध्ये फासावर चढवलं, गार्नेटला १६०६मध्ये. पण ते आठ दिवस ते गात होते.

गार्नेटचं नाव आलं की माझं मन तिथून थेट गोव्यातल्या साष्टीत जातं. हा गार्नेट १५७५मध्ये रोमला जेझुइट संघात उमेदवार म्हणून दाखल झाला. त्याच वर्षी, त्याच उमेदवारांच्या घरात विल्टशरचा आणखी एक इंग्रज तरुण दाखल झाला: थॉमस स्टीफन्स. एक पुढे मायदेशी परतला आणि बर्डच्या गाण्यापाशी पोचला. दुसरा लिस्बनहून जहाजात बसला, ऑक्टोबर १५७९मध्ये गोव्याला उतरला आणि मेला तो इथंच. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये राचोलला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण शाळेत पाठ केलेल्या असतात. त्या लिहिणाऱ्याच्या देशात तेव्हा काय चाललं होतं हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

बर्ड आणि स्टीफन्स यांची ओळख होती असं मला म्हणायचं नाही. दोघांपुढे एकच प्रश्न होता, इतकंच. तो प्रश्न एका जुन्या स्तोत्रात आहे. बाबिलोनला बंदी म्हणून नेलेले ज्यू नदीकाठी बसले आहेत, आणि पकडून आणणारेच त्यांना म्हणतात, तुमच्या गावचं एखादं गाणं होऊन जाऊ द्या. परक्या मुलखात देवाचं गाणं गायचं तरी कसं, असं ते एकमेकांना विचारतात. हाब्सबुर्ग सम्राटाचा संगीतप्रमुख फिलिप द मोंते यानं १५८३मध्ये या स्तोत्राची आठ आवाजांत रचना करून ती बर्डला पाठवली. कोंडीत सापडलेल्या मित्राला दुसऱ्यानं लिहिलेलं ते सांत्वनच होतं. पुढच्या वर्षी बर्डनं उत्तर पाठवलं, तेही आठ आवाजांचं, आणि सुरुवात नेमकी त्या प्रश्नापासून केली. परक्या मुलखात गायचं कसं? पण बर्डचा मुलूख परका नव्हता. तो आपल्याच गावात, आपल्याच राणीच्या नोकरीत होता. परकं झालं होतं ते त्याचं गाणं.

त्या वर्षी स्टीफन्स गोव्यात होता. परका मुलूख शब्दशः त्याच्या वाट्याला आला होता, आणि त्यानं त्या मुलखाची भाषाच उचलली. ऑक्टोबर १५८३मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते असं त्यानं नोंदवलं आहे. शब्दांचं अंग इतक्या जवळून चाचपणाऱ्याला ओवी सापडली यात नवल नाही. चर्चमध्ये ते पुराण रविवारी आणि सणांना म्हटलं जाई. लॅटिन मिस्सा वेदीपाशी, आणि तो उरकल्यावर त्याच छपराखाली मराठी ओवी. बर्डचं गाणं आणि ही ओवी मी एकामागून एक मोठ्यानं म्हणून पाहिली आहेत. दोन्हींत शब्दाला इजा न करण्याची एकच काळजी दिसते. बर्डनं १६०५च्या ‘ग्रादुआलिया’ या आपल्या संग्रहाच्या अर्पणपत्रात लिहिलं आहे की पवित्र शब्दांतच एक गुप्त शक्ती असते, त्यांचं मनन करत राहणाऱ्याला योग्य ते सूर आपोआप सुचतात. स्टीफन्सच्या ओव्या वाचताना मला हे वाक्य आठवतं.

पण इथंच थांबलो तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. इंग्लंडात स्टीफन्सच्या धर्माची माणसं भिंतीआड लपत होती. गोव्यात त्याच धर्माच्या हाती सत्ता होती. धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात १५६०मध्ये आली. त्याच दशकात साष्टीतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश १५६०मध्ये नदी ओलांडून प्रियोळला गेला, आदिलशाही हद्दीत. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक स्थानिक माणूस पाद्र्याला म्हणतो की आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरं काहीतरी द्या. ग्रंथाच्या उभारणीसाठी योजलेला तो प्रसंग असेल, पण मी वाचता वाचता दर वेळी त्या विनंतीपाशी अडखळतो. बर्डच्या जागी त्या मुलखात स्टीफन्स नव्हता. बर्डच्या जागी हा विचारणारा माणूस होता: आपल्याच गावात, आपल्याच अंगणात, आणि गाणं मात्र काढून घेतलेलं. नदीपलीकडे गेलेल्या देवांपुढे गाणं चालू राहिलं. अंत्रुज महालातल्या त्या देवळांच्या आवारात ते इतकं रुजलं की केरीची केसरबाई केरकर तिथूनच निघाली. पुढे १६८४मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं स्थानिक भाषेवर बंदी घातली तेव्हा स्टीफन्सची ओवीही त्याच वरवंट्याखाली आली. हाताने उतरून घेतलेल्या प्रतींनी ती जगवली. त्यांतली देवनागरी प्रत पुढे लंडनमध्येच, मार्सडेन नावाच्या एका अभ्यासकाच्या संग्रहात मिळाली.

गाण्याच्या वह्या बाळगणं कधी जोखमीचं असतं याची एक नोंद बर्डच्या बाजूलाही आहे. १६०५मध्ये एका फ्रेंच प्रवाशाला लंडनच्या खाणावळीत पकडलं, ते त्याच्याजवळ ‘ग्रादुआलिया’च्या पुस्तिका सापडल्या म्हणून, आणि त्याची रवानगी न्यूगेटच्या तुरुंगात झाली. शंकरपाळ्यांसारख्या चिन्हांनी भरलेले ते कागद. शिपायाला त्यांतली एक ओळही गाता आली नसती.

बर्ड ४ जुलै १६२३ रोजी स्टॉंडन मॅसीत वारला. राजचॅपलच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘संगीताचा पिता’ अशा अर्थाचे शब्द लिहिले आहेत. ते लिहिणाऱ्यांना तो कोणत्या धर्माचा आहे हे पक्कं ठाऊक होतं. मृत्युपत्रात त्यानं बायकोशेजारी, गावच्या चर्चच्या आवारात पुरलं जावं अशी इच्छा लिहिली. ज्या चर्चला न गेल्याबद्दल त्यानं वर्षानुवर्षं खटले सोसले, तेच चर्च. मिस्सांचा पुन्हा उपासनेत वापर सुरू व्हायला जवळजवळ तीनशे वर्षं जावी लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड टेरीनं वेस्टमिन्स्टरच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये ते नेमानं गायला लावले. आज इंग्लंडच्या अँग्लिकन कॅथीड्रलांतही बर्डचं लॅटिन गायलं जातं, अगदी लिंकनलासुद्धा.

त्या रविवारी आन्युस देई सुरू झालं तेव्हा पाद्र्यानं भाकर मोडली होती. प्रार्थना तीनदा येते. पहिल्या वेळी बर्ड दोनच आवाज ठेवतो, दुसऱ्या वेळी तीन, तिसऱ्यांदा चारही. जणू खोलीत माणसं एकेक करून येत आहेत. शेवटच्या तीन शब्दांत शांती मागायची असते, आणि तिथं तो जे करतो ते मी अजूनही शांतपणे ऐकू शकत नाही. एक आवाज आपला स्वर धरून ठेवतो. दुसरा येऊन त्याला अगदी खेटून, शेजारच्या स्वरावर उभा राहतो. घासतं. मग पहिला एक पायरी खाली उतरतो आणि दोघांना जागा होते. एवढ्यात तिसरा आणखी कुणाला तरी खेटतो. पुन्हा घासतं, पुन्हा कुणीतरी उतरतं. असं किती वेळा होतं ते मोजायचं मी सोडून दिलं आहे. शांतीचा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आणि दर पावलाला बोचणारा सूर. सगळे थकून तळाला पोचले की शेवटी एकदाच, कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार लागतो.

टाळ्या पडल्या नाहीत. पाद्र्यानं भाकरीचा तुकडा उचलून दाखवला, लोक बाकांतून उठून रांगेत निघाले. माझ्या मागचं दार कुणी उशिरा येणाऱ्यानं नीट ओढलं नव्हतं. फटीतून गार वारा येत होता, त्याच्याबरोबर रस्त्यावरच्या बसचा घरघराट आणि कुणाचं तरी फोनवरचं बोलणं. ते लावून घ्यायला कुणीही उठलं नाही.